पेल्यावरची हजेरी

सत्तावन्न सालच्या जुलैत आमच्या ट्रेनिंग कॉलेजात फ्लूचा ताप शिरला आणि चार दिवसांत बेचाळीस भावी मास्तरांपैकी एकतीस जण आडवे झाले. वसतिगृह मालवणच्या बाजाराबाहेर, माडांत. आचारी बाबली पहिल्याच दिवशी गळाठला, मग जो उभा राहू शकत होता तो चुलीशी गेला. मला ताप आलाच नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता.

आमचे रेक्टर गुरुदास सर रोज सकाळी तोंडाला पंचा बांधून पडवीत उभे राहत आणि हजेरी घेत. खोल्यांमधून ‘हजर’ येई. ज्याला आवाज फुटत नसेल त्याने चमच्याने पेला वाजवायचा, हा त्यांचाच नियम. पेला वाजला की त्या खोलीत पेजेबरोबर काढाही जाई. दुसरा नियम असा, की ताप गावांत जाऊ नये म्हणून फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर नाव कमी. एकाचं झालंही होतं, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

माझ्या खोलीतला लवू देवबागचा, विधवा आईचा एकुलता. सोमवारी बाजाराला आलेल्या शेजारणीने फाटकातून सांगितलं, “तुझ्या आवशीक ताप इलो हा. घरात कोण नाय.”

लवूने लगेच सदरा चढवला. “सांजेक येतंय. रात झालीच तर सकाळची माझी हजेरी मार रे दाजी.”

“तू जा. मी आसंय मा!”

एकमेकांची खोटी हजेरी आम्ही वर्षभर मारत आलो होतो. मैत्रीत तेवढं चालायचंच. मागल्या कुंपणातून तो निघून गेला आणि मी त्याच्या वाकळीखाली उशी सारून ठेवली.

सांज झाली, दिवे लागले. लवू आला नाही.

मंगळवारी सरांनी हाक दिली, “लवू?” मी पेला वाजवला. सरांनी पडवीतून विचारलं, “आवाज पण गेला काय रे त्याचा?” मग काढा आला. सरांच्या घरून लिंबू आलं. कालच तापातून उठलेला बाळा भिंत धरत आला आणि आपल्या वाट्याचा गुळाचा खडा पुढे करून म्हणाला, “लवूक दी. तोंडाक चव येयत.” माझी अशी चिडचिड झाली की त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. तसंच पडलेलं दिसायला नको म्हणून लवूची पेज मीच प्यायलो, काढाही प्यायलो. गूळ मात्र त्याच्या उशाशी ठेवून दिला.

दिवसभर मी फाटक आणि खोली यांच्यामध्ये येरझारा घातल्या. समुद्राची गाज डोक्यात बसली होती. सांगावं तर लवूचं नाव कमी होणार. न सांगावं तर तो तिकडे तापाने पडला असेल. आता येईल, जेवणापर्यंत येईल, असं करत मी तो दिवस घालवला. खरं म्हणजे मी भ्यायलो होतो. लवूच्या नावाबरोबर माझंही गेलं असतं.

बुधवारी मी पुन्हा पेला वाजवला.  सर थेट दारात आले. “दोन दिवस आवाज नाही म्हणजे बरं लक्षण नव्हे. मी डॉक्टरांना आणतो.” ते भर पावसात छत्री उघडू लागले आणि माझ्याने राहवेना.

“सर, लवू हंय नाय.”

सगळं ऐकून ते ओरडले नाहीत. त्यांनी खुर्चीला दोन बांबू बांधले, किटलीत पेज भरली आणि ताप येऊन गेलेल्या सहा जणांना आणि मला बरोबर घेतलं. फाटक त्यांनी स्वतःच उघडलं. तारकर्लीच्या वाळूतून देवबागला पोहोचेपर्यंत दुपार झाली. शेजारची घरंही तापाने निजली होती. पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होडीच्या मागे लवूचं घर.

आई रात्रीच गेली होती. तिच्या पायांशी लवू तापाने भाजत पडला होता. आम्हाला बघून त्याने डोळे उघडले.

“माका उठाक होईना. आवशीक पाणी कोण देयत म्हणान हाका मारी होतंय,” तो म्हणाला. “हजेरी लागली मा?”

“लागली,” मी म्हटलं.

आईला खांदा आमच्याच पोरांनी दिला. लवूला सरांनी धरून उभं केलं, तेव्हा कुठे त्याला अग्नी देता आला. मग त्याला खुर्चीत बसवून आणलं. पंधरा दिवस पोरांनी पाळ्या लावून त्याला पेज भरवली, उशाशी बसून धडे वाचून दाखवले. तो वाचला, परीक्षेलाही बसला.

परीक्षेनंतर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. हजेरीपुस्तक उघडं होतं. ऑफिसात ते नेहमी शुद्ध बोलत, त्या दिवशी मालवणीत बोलले.

“लवू आवशीपाशी होतो. त्याची हजेरी ऱ्हवांदे.” मग त्यांनी माझ्या नावापुढे मंगळवारी आणि बुधवारी लाल शाईने गैरहजर लिहिलं. “तू हंय होतस, दाजी. सगळा म्हायत आसान गप ऱ्हवलस.”

मंगळवारी सकाळी बोललो असतो तर ती जगली असती का, ते मला माहीत नाही. तिच्या तोंडात कुणीतरी पाणी तरी घातलं असतं.