दादऱ्यातला केक

सिंगापूरच्या बिशान वस्तीत अकराव्या मजल्यावर निशिकांतराव तीन आठवडे एकच शब्द घोकत होते. खोटं वाटेल, पण कॉरिडॉरमधल्या साळुंक्याही शेवटी शेवटी डॅनिशमध्ये भांडायला लागल्या होत्या.

शब्द होता फ्युसल्सडेसलाउकेए. म्हणजे वाढदिवसाचा थरांचा केक. कोपनहेगनला नात जाई सहा वर्षांची होणार होती. व्हिडिओ कॉलवर हल्ली ती "हाय आजोबा" म्हणून जी पळायची, ती तिच्या आईनं, मधुवंतीनं, कितीही हाका मारल्या तरी परत येत नसे. मराठी तिच्या तोंडून आटत चाललं होतं. तेरा तासांचं विमान हृदयाच्या डॉक्टरांनी बंद केलेलं. तिला पाच मिनिटं पडद्यावर धरून ठेवायला आता उरलं काय, तर तिच्या भाषेतला हा केक.

समोरच्या ब्लॉकमधली ऋग्वेदा दोन वर्षं तिकडे संशोधन करून आलेली. तिनं शब्दाचे सांधे सोडवून दिले: जन्म, दिवस, थर, केक. निशिकांतरावांनी तो आपल्या वळणानं म्हणून दाखवला, फ्यु-सल्स-डेस-लाउ-के-ए, सहाही अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी. ऋग्वेदा पोट धरून हसली.

"काका, सगळ्यांना सारखं नका वागवू. पहिल्यावर जोर, चौथ्यावर जरासा. बाकीची गिळून टाका."

मंडळाच्या गणपतीत वीस वर्षं तबला वाजवलेल्या माणसाला एवढं पुरे. सहा अक्षरं, सहा मात्रा, पहिलीवर सम, चौथीवर हलकी थाप. हा तर आपला दादरा! तेव्हापासून खाण्याच्या हॉकर सेंटरात कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, कपावर, एमआरटीच्या मेट्रोत गुडघ्यावर केकचाच ठेका.

वाढदिवशी दुपारी एकला, म्हणजे तिकडे सकाळी सातला, जाई पडद्यावर आली. ती वळणार तोच त्यांनी टेबलावर ठेका धरून शब्द सोडला.

जाई जागच्या जागी थांबली. आजोबांना डॅनिश येतं! मग तिनं जे बोलायला सुरुवात केली ते वीस मिनिटं. पडलेला दात जवळ आणून दाखवला, म्हणून दाताचं तेवढं कळलं. बाकी एका शब्दाचा पत्ता लागेल तर शपथ. कधीपासून ऐकायचं होतं ते सगळं ती सांगत होती, आणि निशिकांतराव नुसते "हं, हं" म्हणत मान डोलवत होते.

शेवटी तिनं काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. त्यांच्यापाशी शब्द तो एकच. तोच त्यांनी पुन्हा म्हटला.

जाई हसली नाही. मग तिनंही टेबलावर हात आपटत, बाळाला शिकवावं तसं, पहिल्या अक्षरावर दणका देत मराठीचा एकेक तुकडा पुढे केला.

"आ-जोबा. क-धी. ये-णार?"

निशिकांतरावांचा हात टेबलावर तसाच राहिला.

"पुन्हा म्हण गं," ते म्हणाले. "मला नीट कळेपर्यंत म्हणत राहा."

आणि शाळेला उशीर होईपर्यंत ती म्हणत राहिली.