रोतियाची पहिली पाहुणी

विमान यायच्या दिवशी सगळं बेट धावपट्टीवर लोटतं. कुणी डुकरं हाकलायला, कुणी नुसतंच बघायला. त्या दिवशी मात्र खरी धडधड होती ती रोतियाच्या छातीत. तिच्या मचाणावर पहिली पाहुणी उतरणार होती!

तिच्या नवऱ्यानं, काइतूनं, उथळ पाण्यात खांब रोवून मचाण उभारलं होतं. वर केवड्याच्या पात्यांचं छप्पर, चारी बाजू उघड्या आणि खाली डुचमळणारं पाणी. तोवर बाहेरचा माणूस आला की पंचायतीच्या सिमेंटच्या विश्रामगृहात उकडून निघायचा. किल्ली टियोन कारकुनाच्या कमरेला. फिजीहून बायकांना समुद्री शेवाळाची शेती शिकवायला येणाऱ्या वासितीनं निरोप धाडला होता, "दोन्ही जागा बघेन, मग ठरवीन." ती मचाणावर राहिली तर पुढचे पाहुणेही येतील, नाहीतर मचाण जाळी वाळवायच्या कामाचं, हे रोतियाला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर तिनं बोटीवरून गादी, मच्छरदाणी आणि उन्हावर चालणारा दिवा मागवला. आणि इथंच बाई चुकली. हौसेच्या भरात तिनं सगळा ऐवज ऊन द्यायला म्हणून रस्त्याकडेला मांडला. या बेटावर दिसलं ते मागितलं जातं. नात्यातल्यानं 'बुबुती' म्हणून हात पसरला, की नाही म्हणणाऱ्याची सात पिढ्या नाचक्की.

सकाळीच नणंद ब्वेनाता दारात हजर.

"वहिनी, बुबुती करते गं. सून बाळंतीण आहे, गादी दे."

"वन्सं, आजच? पाहुणी यायचीय!"

"बाळ काय पाहुणी बघून जन्मलं?"

गादी गेली. मग चुलत दिरानं मच्छरदाणी मागितली, त्याला म्हणे डास ओळखीनं चावतात. मागोमाग थोरल्या चुलतसासूनं दिवा नेला, वर आशीर्वादही दिला. काइतू ताडी काढून झाडावरून उतरला तो हसतच.

"आता मीच काय तो उरलोय. मलाही देऊन टाक कुणाला तरी!"

"तुम्हाला कोण मागतंय?" रोतिया फणकारली आणि तिथंच मटकन बसून रडली. पण आकाशात घरघर ऐकू आली तशी डोळे पुसून, फुलांचा गजरा उचलून पळतच सुटली.

वासिती उतरली ती अंगानं दणदणीत आणि हसण्यानं त्याहून दणदणीत. फिजीच्या राजधानीत, सुव्यात शिकताना या बेटांवरच्या मैत्रिणींकडून ती मोडकीतोडकी भाषा शिकली होती. रोतियानं तिच्या डोक्यावर गजरा चढवला, हातात शहाळं दिलं आणि तिला मचाणावर आणलं. मागं निम्मं गाव. टियोन किल्ली वाजवत होताच.

"बाई, इथं नुसती चटई आहे. माझ्याकडे खाट आहे, पंखा आहे. काय गं रोतिया, गादी कुठंय तुझी?"

लोक कुजबुजले. ब्वेनातानं मान खाली घातली. वासितीनं उघड्या मचाणाकडं पाहिलं, मग पिशवीकडं हात नेला. गेली! आता ही जाणार! रोतियानं उभ्या जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता, मानी बाई. पण आता मान ठेवून करायचं काय? तिनं दोन्ही हात पुढं केले.

"ताई, मी बुबुती करते. आजची रात्र माझ्याकडे झोपा."

परक्याकडे बुबुती? टियोनच्या हातातली किल्लीसुद्धा वाजायची थांबली.

वासिती आधी बघतच राहिली, मग असं हसली की मचाण हललं.

"अगं बाई! आमच्या गावीही हेच! असं मागितल्यावर नाही म्हटलं तर माझी आई मला घरात घेणार नाही!" आणि पिशवी दाणकन चटईवर टाकून ती आडवीच झाली.

गावानं एकच ओरडा केला. टियोन किल्ली खिशात कोंबून म्हणाला, "राहू दे बाई, रात्री डास आले की हाक मारा."

त्याची वेळच आली नाही. वारं इतकं सुटलं, की डास फिरकले नाहीत. सूर्य बुडायच्या आत ब्वेनाता आपल्या लग्नातली ठेवणीतली बारीक विणीची चटई घेऊन आली. रोतियाच्या नजरेला नजर न देता म्हणाली, "गादी काही परत मिळायची नाही हं. ही घे." चुलतसासूनं मासे भाजून धाडले. वासिती खात होती, पाण्यात पाय सोडून गात होती, आणि रोतियाला हसू की रडू ते कळत नव्हतं.

सकाळी वासितीनं डोळे चोळत तिच्यापुढं हात पसरले.

"आता माझी बुबुती. पुढच्या महिन्यात शेवाळाच्या कामाला आमच्या आठ बायका येतायत. सगळ्यांना इथंच झोपव."

मचाण एक, बायका आठ. नाही म्हणायची तर सोयच नव्हती. रोतिया काठाकडं धावत ओरडली, "अहो, ऐकलंत का? कुऱ्हाड काढा, आणखी खांब तोडायचेत!"