काइयाचा राहिलेला पेपर

आर्वो राउटिओ आमच्या कॉलेजात नाव घालायला आला, तेव्हा मला वाटलं, काइयाची कागदपत्रं न्यायला आला असेल. काइया त्याची एकुलती एक मुलगी, नर्सिंगला होती. शरीररचनेत एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा परीक्षेला बसायला येत असताना बर्फावरून तिची गाडी घसरली आणि सरळ तळ्यात गेली. आर्वो तेव्हा जिल्ह्याच्या बर्फ काढायच्या ट्रकवर होता. त्या दिवशी तो रस्ता त्याच्याच वाट्याला होता, पण तो दुसऱ्या टोकाकडून साफ करत येत होता. नंतर त्याने नोकरी सोडली.

"शरीररचना," तो टोपी हातात धरून म्हणाला. "तेवढा एकच विषय."

मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना वर काढायचं, ही माझी नोकरी. मी विचारलं, "आर्वो, हाच का? मोटारदुरुस्तीत तर तुम्हीच पोरांना शिकवाल."

"नोरीन, तुझा बाप माझा दोस्त होता म्हणून चांगलं सांगतोय. नाव घाल."

घातलं. साठी उलटलेला माणूस, पोरांमध्ये मागच्या बाकावर बसायचा. सुरुवातीला त्याची उत्तरं वाचून मला रडू यायचं. कॉलेज सुटल्यावर तो माझ्या खोलीत शिकवणीला बसे, आणि हाडांची नावं अशी उच्चारायचा की शेजारच्या पोरी तोंडावर पुस्तक धरून हसायच्या.

"हसा, हसा," तो म्हणे. "उद्या तुमचं हाड मोडलं की मलाच विचाराल, कुठलं मोडलं ते."

हळूहळू पोरीच त्याला विचारायला लागल्या. सहामाहीत तो काठावर पास झाला, पुढच्या चाचणीत वर्गात तिसरा आला. मी त्याला वेलचीचा पाव आणून दिला. तो खूश झाला नाही. पावाकडे बघत म्हणाला, "फार भराभर चाललंय गं."

आणि मग शेवटचा धडा तेवढा राहिला असताना तो यायचा बंद झाला. फोन उचलेना. वार्षिक परीक्षा तोंडावर आली, न बसला तर नापासच. म्हणून एका दुपारी मी गाडी काढली.

त्याच्या अंगणात गुडघाभर बर्फ पडून होता. ज्याने जन्मभर अख्ख्या जिल्ह्याचा बर्फ काढला, त्याच्या दारात!

त्याने दार उघडलं, कॉफी टाकली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढली, तसा तो चटकन म्हणाला, "तिथे नको."

मी दुसरीवर बसले. त्या पहिल्या खुर्चीसमोर कार्डांचा गठ्ठा होता, काइयाच्या अक्षरातला. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर.

"ती असताना मीच विचारायचो," आर्वो म्हणाला. "मला शब्द वाचता यायचे नाहीत, ती पोट धरून हसायची. गेल्यावरही येऊन बसायला लागली. जेवणाच्या वेळेला. 'विचारा ना, बाबा' म्हणते. मी विचारायचो, पण ती बरोबर की चूक, मला काय कळतंय? उत्तर वाचून दाखवलं तरी तिचं समाधान होईना. म्हणून आलो कॉलेजात."

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं, आमच्याकडे हिवाळ्यात चारलाच येतं. आर्वोने दिवा न लावता एक कार्ड उचललं.

"हृदयाकडून फुफ्फुसाकडे रक्त नेते ती कोण?"

तो थांबला. मीही थांबले. कोणीतरी उत्तर देणार आहे, अशी मी कान देऊन बसले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला काही ऐकू आलं नाही. पण आर्वो हसला, म्हणाला, "बरोबर." आणि खुर्चीचा पाय फरशीवर जरासा करकरला. मी तिकडे पाहिलं नाही. आजही सांगते, माझी छाती झाली नाही.

"मला जेवढं येतं, तेवढंच तिला येतं," तो म्हणाला. "मी पुढे सरकलो की ती सरकते. आता एकच धडा उरलाय. तो झाला, पेपर झाला, की ती उठून जाईल. म्हणून मी थांबलोय."

"आणि ती? ती काय म्हणते?"

त्याने हातातलं कार्ड गठ्ठ्यावर पालथं ठेवलं.

"पुढचं कार्ड काढा, म्हणते."

"मग काढा ना, आर्वो."

"काढा म्हणे!" त्याने मूठ टेबलावर आपटली. "तुझं कोण बसलंय इथे? तुला निकाल चांगला दाखवायचाय. चालती हो."

"निकाल गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "पेपर द्यायला निघाली होती ती. अजून तिथेच आहे, वाटेत. तिला किती दिवस थांबवून ठेवणार?"

मी कोट उचलला आणि बाहेर पडले. गाडी सुरू करताना स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसला.

परीक्षेला तो आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळ्यांच्या आधी पेपर संपवला, पण वेळ होईपर्यंत दोन्ही हात पेपरावर ठेवून बसून राहिला. पर्यवेक्षकाने तो जवळजवळ ओढूनच घेतला. आर्वो चांगल्या गुणांनी पास झाला. मी कळवायला फोन केला, तर "बरं" म्हणून ठेवून दिला.

पुढे कितीतरी दिवस दुकानात मला पाहिलं की तो पलीकडच्या रांगेत वळायचा. मला राग आला नाही. पण रात्री जेवायला बसले की माझ्याही घरातल्या रिकाम्या खुर्च्या मला मोजाव्याशा वाटायच्या.

ऑगस्टमध्ये तो पुन्हा कॉलेजात माझ्या खोलीत आला. वाळला होता.

"आली नाही गं," तो म्हणाला. "त्या दिवसापासून एकदाही नाही. टेबल आहे, खुर्ची आहे, आणि बस्स. कधी वाटतं, बरं केलंस. कधी वाटतं, तुझ्या खिडकीवर दगड घालावा."

"घाला," मी म्हटलं.

तो हसला नाही. समोर बसला आणि खिशातून चष्मा काढला.

"या विषयाचा पुढचा भाग कुठला असतो?"

"कशाला, आर्वो? आता कोणासाठी?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "हिवाळा लांबलचक असतो. नाव घाल."