थांबा, हलू नका!

“इथे मोठ्यांना मधेच अडवायला शीक. नाहीतर वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाहीत,” टाचणीताईने परदेशातल्या पहिल्याच भेटीत तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. अडवायचं? तेही मेट्रनला, सगळ्या नर्सांच्या प्रमुखाला? तिकडे मायदेशी, ज्या कॉलेजात दोघी नर्सिंग शिकल्या, तिथे सिस्टर बोलत असताना विद्यार्थिनीने नुसतं तोंड उघडलं तरी आठवडाभर बेडपॅन धुवावे लागत.

“ताई, मला नोकरी हवीय, भांडण नको,” ती म्हणाली होती.

टाचणीताई कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गात. अंगाने काडी, बोलणं टोचणारं, म्हणून टाचणी. लग्नानंतर ही या परक्या देशात आली तेव्हा ताई आधीच येऊन एका बेकरीत पावाची पाकिटं भरत होती. कसं विचारावं या विचारात ही असतानाच ताईने सांगून टाकलं, “मुलाखती दिल्या, कुठेच जमलं नाही. तेवढ्यात नर्स म्हणून केलेल्या नोंदणीची मुदत संपली. आता सगळी परीक्षा पुन्हा. बघू.”

ते ‘बघू’ हिच्या मनात खिळ्यासारखं रुतून बसलं. हिचीही मुदत थंडीबरोबरच संपणार होती. तोवर नोकरी लागली नाही, तर हिच्याही हातात पावाची पाकिटंच. शिवाय गोटी होती. गोटी म्हणजे तिची मुलगी, नुकती चालायला लागलेली, जमिनीला जरा उतार मिळाला की घरंगळत निघणारी. गोटी झोपली तरी हिचा डोळा लागत नसे. उठून नाकाखाली बोट धरून बघायची. नवरा म्हणायचा, “तुला हॉस्पिटलात कशाला, बँकेच्या दारात उभं करायला पाहिजे. बंदूकसुद्धा लागणार नाही.”

पहिल्या मुलाखतीला ताई बेकरीतली पाळी बदलून आली आणि गोटीला घेऊन हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये बसली. वर एका खोलीत खाटेवर रबरी पुतळा झोपवलेला होता. शेजारी उभ्या सीनियर नर्सने औषधाचं नाव सांगितलं, “हे इंजेक्शन द्या.” हिने हात धुतले, औषध भरलं, सुईतली हवा काढली, दिलं.

“पुतळ्याच्या मनगटावर लाल पट्टी होती. दिसली का?” सीनियरने विचारलं.

“दिसली. याच औषधाची ॲलर्जी लिहिलीय.”

“मग?”

“तुम्ही सांगितलं होतं ना… म्हणून.”

सीनियर रागावली नाही. तिने फक्त पेनाला टोपण लावलं, आणि त्या आवाजातच हिला निकाल कळला.

खाली आल्यावर गोटीला उचलून ती रडली. ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द ताईच्या ओठांवर नक्की आले असणार, पण ताईने ते गिळले. उलट म्हणाली, “चल घरी. आजपासून मी मेट्रन.”

मग हिच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी मुलाखती सुरू झाल्या. गोटीची बाहुली पेशंट. कमरेवर हात ठेवून ताई नको नको ते हुकूम सोडायची, आणि हिने तिला अडवायचं.

“माफ करा मॅडम, मला वाटतं…”

“माफी कसली मागतेस? तुझी माफी संपेपर्यंत पेशंट वर पोचेल! गोटी जिन्याकडे गेली की कशी ओरडतेस? ‘माफ करा गोटीबाई’ म्हणतेस का?”

नवरा ओट्यापाशी उभा राहून हसत सुटायचा. ताई त्यालाही सोडत नसे, “तुम्ही हसू नका, भात करपतोय. बघा, हिला वास आलाय, पण तुम्हाला अडवायचं कसं म्हणून गप्प आहे.”

आणि खरंच, हिला वास आलेला असायचा.

दुसरं बोलावणं आलं तेव्हा थंडी सरत आली होती, झाडांना कोवळी पालवी फुटू लागली होती. यानंतर मुदतीत आणखी मुलाखत मिळणं अवघडच होतं. पुन्हा ताई खाली, गोटी तिच्या मांडीवर. या हॉस्पिटलची मेट्रन उंच, भरभर बोलणारी. “प्रात्यक्षिक नंतर घेऊ. आधी वॉर्ड बघून घ्या,” म्हणत ती पुढे निघाली. ही मागून. मेट्रन वॉर्डाची माहिती देत होती, ही माना डोलवत होती आणि डोळे सवयीप्रमाणे खालून वरपर्यंत फिरत होते.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजी उठायच्या बेतात होत्या. पाय खाली सोडलेले, तळहात गादीच्या कडेवर. आणि खाटेच्या चाकाचा ब्रेक वर होता, म्हणजे लागलेलाच नव्हता. आजींनी भार दिला की खाट मागे सरकणार आणि आजी खाली.

मेट्रनचं वाक्य अर्ध्यावर होतं.

“थांबा! हलू नका!”

मेट्रन थांबली, आजी थांबल्या, कोपऱ्यात फरशी पुसणारे काकासुद्धा फडकं धरून थांबले. ही धावत गेली, पायाने ब्रेक दाबला, आजींच्या पाठीला हात लावला. मग भानावर आली. आपण कोणावर ओरडलो ते कळून कानापर्यंत तापली.

“मला म्हणालात का?” आजींनी विचारलं.

“हो आजी. आता उठा. मी धरलंय.”

मेट्रनने वाकून ब्रेक तपासला. “हा आवाज कुठे शिकलात?”

“घरी,” ही म्हणाली. “मुलगी चालायला लागलीय.”

मेट्रन पहिल्यांदा हसली. प्रात्यक्षिक तरीही झालंच, नीट झालं. या खेपेला पुतळ्याची लाल पट्टी दिसताच हिने इथल्या सीनियरला तिथल्या तिथे अडवलं. नोकरी मिळाली.

खाली येऊन सांगितल्यावर ताईने गोटीसकट तिला मिठी मारली, इतकी घट्ट की गोटी किंचाळली. “बघ, या मेट्रनने तुला त्या मेट्रनसाठी तयार केलं,” ताई म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, “मी मजेत आहे हं. माझी काळजी करू नकोस.” बसथांब्यावर पुन्हा तेच. बसमध्ये चढतानाही तेच. त्या शब्दांमागचं हिला दिसलं. लाल पट्टीसारखंच दिसलं. आणि ही पुन्हा गप्प बसली.

नोकरी सुरू झाली. ताईचा फोन लागेना. लागला तर “पाव फार आहेत गं, नंतर बोलते.” शेवटी सुटीच्या दिवशी गोटीला कडेवर घेऊन ही ताईच्या खोलीवर गेली. भरदिवसा पडदा ओढलेला, परीक्षेची पुस्तकं पलंगाखाली ढकललेली.

“अगं, मजेत आहे मी,” ताईने सुरुवात केली.

“थांब,” ही म्हणाली. “मजेत नाहीयेस.”

ताईचे हात सवयीने कमरेवर गेले. “मलाच अडवतेस?”

“तूच शिकवलंस.”

गोटीने तोवर पलंगाखालचं एक जाड पुस्तक ओढून बाहेर काढलं आणि त्यावर बसली. मग दोघी हसल्या, मग ताई खूप वेळ रडली, मग चहा झाला. आता सुटीच्या दिवशी बाहुली ताईच्या खोलीवर जाते, आणि मेट्रन ही असते. कमरेवर हात तिला अजून ताईसारखे ठेवता येत नाहीत.

पण ड्युट्या लागोपाठ आल्या की तिला जाता येत नाही, फोनही लॉकरमध्ये असतो. आजींसारख्या कोणाला धरून चालवताना मध्येच तिला तो ओढलेला पडदा आठवतो. आज तिच्या हातात जे काम आहे, ते ताईने हातात दिलेलं आहे. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. बेकरीच्या मागच्या गल्लीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, दिवसाही पडदा ओढलेली एक खिडकी आहे. त्या बाजूला गेलात तर जिना चढून बेल वाजवा. दार लगेच उघडणार नाही. आतून ‘मी मजेत आहे’ असं ऐकू येईल. तेवढ्यावर परत फिरू नका.