अळणी पेजेचे दिवस

वन्संच्या हातांना लाल साबणाचा उग्र वास यायचा. मनूला शिवण्याआधी त्या कोपरापर्यंत हात धूत आणि मग गॅलरीत उतरलेल्या पौषातल्या कोवळ्या उन्हात, अंग चोरून बसलेल्या माझ्या चार वर्षांच्या लेकीला उचलून घेत. काखेत हात घालून नाही. छातीचं हाड सांधेपर्यंत ते चालणार नव्हतं. एक तळवा मानेखाली, एक कमरेखाली, आणि ते हलकं ओझं अलगद त्यांच्या मांडीवर येई. हृदयाचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. माझी रजा संपली तशा त्या मालवणहून आपणहून भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत आल्या. उंच, सुकलेल्या, कमी बोलणाऱ्या. मनूला खोकला आला की तिच्या छातीशी उशी धरून त्या तिला कवेत घेत, आणि उबळ सरेपर्यंत त्यांचाच चेहरा दुखणाईतासारखा होई. शेजारणी म्हणत, "सुमन, नशीबवान आहेस गं, अशी नणंद मिळाली." मी हसत असे. आतून माझा नुसता जळफळाट होई.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर परक्यांची परक्यांशी गाठ घालून देणारी मी दिवेलागणीला घरी परते. मनू माझ्याकडे पाहून गोड हसे आणि पुन्हा आत्याच्या पदराशी खेळू लागे. घरात कुणी पाहुणी यावी, तेवढीच तिने माझी दखल घेतलेली असे.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. ती अळणी पेज वन्संच्या हातून वाटीभर संपे. माझ्या हातचा पहिलाच घास मनू थुंकून टाकी. "तू नको. आत्या पाहिजे." हे ऐकून एका संध्याकाळी, वन्सं नळावर गेल्या असताना, मी पेजेत मीठ घातलं. चिमूटभर, मग आणखी एक चिमूट. मनूचे डोळे लकाकले. "आई, तुझी पेज मस्त आहे!" म्हणत तिने वाटी चाटूनपुसून रिकामी केली. हा चोरटा विजय मी रोज संध्याकाळी असे चार दिवस भोगला. पाचव्या दिवशी सकाळी मनूच्या पापण्या सुजल्या होत्या, पावलावर बोट दाबलं की खळगा पडत होता, आणि तिला धाप लागली होती.

"मीठ कोणी दिलं हिला?" डॉक्टर कडाडले. वन्संनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"माझीच चूक झाली, डॉक्टर. हात सवयीन मिठात गेलो."

डॉक्टर त्यांना नाही नाही ते बोलले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. औषध वाढवलं आणि दोन दिवसांत सूज उतरली, पण त्या दिवशी परततानाच रिक्षात मी क्षमा मागायला तोंड उघडलं होतं. त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही.

"गप रव गो. तू आई तिची. भरवूचा वाटतलाच."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो राग. माझी लेक तर त्यांनी घेतलीच होती. आता माझा अपराधही त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता, आणि माझ्यापाशी त्यांना नावं ठेवायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

शिमग्याच्या आधी त्या गावी परतल्या. काही वर्षांनी तिथेच वारल्या.

मनू आता स्वतः नोकरी करते, जिने धडाधड चढते. एकदा वेणी घालता घालता म्हणाली, "त्या दुखण्यातलं मला एकच आठवतं, आई. तू मला धरून डुलायचीस आणि काहीतरी गुणगुणायचीस. मग मला झोप लागायची."

मी जन्मात कधी गुणगुणले नाही. मला सूरच नाही.

"हो," मी म्हटलं.

काळाने त्या माउलीचा चेहरा पुसला आणि त्या जागी माझा रेखला. हवं होतं ते सारं मला मिळालं, तरी माझा मत्सर काही शमत नाही, कारण माझं नाव घेऊन माझ्या लेकीच्या मनात अजूनही त्याच डुलत बसल्या आहेत.