एका विजेरीने उगवलेला सूड

मी एक जुनी विजेरी आहे. विजेरी हा माझा पुस्तकातला थाट. घरात मला सगळे बॅटरी म्हणतात. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तशी नाही. मला राग येतो आणि आला की लवकर जात नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वळवून माझी नळी केली, आत स्प्रिंग बसवली, पुढे चकचकीत वाटी आणि काच लावली. तपासणाऱ्या बाईने मला एकदा पेटवले, "झकास" म्हणाली आणि खोक्यात घातले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला विकत घेतले. त्यांना आपण बाबा म्हणू, कारण पुढे ते बाबा झाले.

लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, तिथे भर दुपारीही डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. तिथे मीच बाबांचे डोळे होते. दोन्ही हात कामात गुंतले की ते मला दातांत धरत. मी त्यांना वंगणाने माखलेले दोर दाखवले, सैल झालेले बोल्ट दाखवले, आणि एकदा तर चुकीच्या जागी पडणारा पाय वेळेवर दाखवला. "ही आहे म्हणून मी आहे," असे ते सोबतच्या माणसांना सांगत. मला ते खरे वाटायचे. मी तेव्हा नवी होते.

मग कंपनीने त्यांना हेल्मेटवरचा दिवा दिला आणि माझी गरज सरली. बाबांनी मला स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकले. तेही मी सहन केले असते. पण त्यांनी माझ्या पोटातले सेल काढले नाहीत. तुम्हाला वाटेल, एवढेच ना? नासलेले जेवण पोटात ठेवून वर्षानुवर्षे पडून राहा, म्हणजे कळेल. सेल फुटले. त्यांतले पाणी झिरपले आणि माझ्या स्प्रिंगवर पांढरी पूड चढली. ड्रॉवर उघडला की मला आशा वाटे. हात आत येई तो रबरबँडसाठी किंवा कात्रीसाठी. एकदा वीज गेली तेव्हा बाबांनी मला उचलले, बटण दाबले, मी पेटले नाही म्हणून तळहातावर दाणदाण आपटले आणि म्हणाले, "मेली वाटतं ही." आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये फेकले.

मी मेले नव्हते. मी डूख धरला होता.

बाबांच्या मुलीला घरात मनी म्हणतात. या वर्षी तिला उन्हाळी शिबिराला पाठवायचे ठरले आणि घरभर पसारा झाला. बाहेरच्या खोलीत सतरंजी, टोपी, मोजे, साबणाची डबी. आई टॉवेलच्या कोपऱ्यावर मनीचे नाव दोऱ्याने भरत बसलेली. शिबिरात फोन चालणार नव्हता, विजेरी मात्र हवी होती.

"नवी कशाला? घरात आहे की," बाबा म्हणाले आणि मला मनीकडे फेकले. "घासून बघ. पेटली तर पेटली."

मनीने माझे झाकण फिरवले. आतली घाण पाहून तिने नाक मुरडले नाही. "अगं आई गं, केवढं सहन केलंस तू," असे ती मला म्हणाली. दुसऱ्या कुणाला नाही, मला! तिने चिकटलेले सेल उपसून काढले, जुन्या टूथब्रशने पूड खरवडली, पॉलिश पेपरने स्प्रिंग घासली. मग नवे सेल घातले आणि बटण दाबले.

मी पेटले. प्रेमाने पेटले असे समजू नका. विझलेल्या विजेरीला कुणी कुठे नेत नाही. सूड घ्यायचा तर आधी पेटायला हवे होते.

पण मनीचे दुःख मला लवकरच कळले. तिला अंधाराची फार भीती वाटत असे. शिबिरात सगळ्यांसमोर आपली फजिती होणार, या धास्तीने तिचे जेवणही कमी झाले होते. बाबा तिला भित्री भागूबाई म्हणत; पाहुण्यांसमोर म्हणत, दुकानात म्हणत, आणि आपणच खो खो हसत.

एका दुपारी त्यांनी तिला माझ्यासकट पकडले. "बॅटरी उराशी धरून झोपणार का तिथे? पोरं हसतील तुला. चल, भीती घालवूनच टाकू."

आमच्या घरात जिन्याखाली अडगळीची खोली आहे. तिला खिडकी नाही आणि दिव्याचे बटण बाहेरच्या भिंतीवर आहे. बाबांनी मला मनीच्या हातातून काढून घेतले, तिला आत उभे केले, दार लावले आणि दिवा बंद केला.

"सातचा पाढा म्हण. पूर्ण झाला की लावतो."

मी बाबांच्या हातात होते. दारापलीकडून पाढा ऐकू येत होता. सात पंचे पस्तीसला तिचा आवाज चिरकला आणि पाढा थांबला. बाबा हसत म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून!" इतक्यात आई धावत आली. तिने दार उघडले, मनीला जवळ घेतले आणि बाबांना चांगलेच फैलावर घेतले.

"भीती म्हणजे काय चादर आहे का, धोपटली की स्वच्छ व्हायला?"

"अगं, गंमत केली," बाबा म्हणाले.

मनी रडली नाही. तिने बाबांच्या हातातून मला परत घेतले. तिची मूठ इतकी घट्ट होती की माझा पत्रा दुखला. त्या मुठीत मला माझ्या ओळखीचे काहीतरी लागले. आता आम्ही दोघी होतो.

निघायच्या आदल्या दिवशी आई शिंप्याकडे गेली होती. शिबिराला न्यायची सॅक अडगळीच्या खोलीत होती, पार मागे, जुन्या पंख्याच्या आणि रंगाच्या डब्यांच्या पलीकडे. बाबा ती काढायला आत वाकले. मनी मला घेऊन दारात उभी होती. तिने एकदा बटणाकडे पाहिले. मी मनात ओरडले, दाब!

तिने दार लावले आणि दिवा बंद केला.

"ए! कोण आहे? मने, दिवा लाव!"

"एकोणतीसचा पाढा म्हणा, बाबा. पूर्ण झाला की लावते."

"चेष्टा पुरे झाली हां!"

"गंमत आहे, बाबा."

मग आतून आवाज आला, "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक... त्रिक..." आणि पाठोपाठ डबे कोसळल्याचा मोठा आवाज. काय सांगू मित्रांनो, इतक्या वर्षांत असा आनंद मला झाला नव्हता.

मनी मात्र दचकली. तिने पटकन बटण दाबले. दिवा एकदा लकाकला आणि टक् करून गेला. बल्ब उडाला होता. तिने दार उघडले, पण जिन्याखालच्या बोळातला उजेड आत फूटभरही पोचेना. तिने मला पेटवायला अंगठा दाबला.

मी पेटले नाही. का पेटावे? अजून थोडे होऊ दे, मी म्हटले. मी ड्रॉवरमध्ये किती काळ होते!

"बाबा?"

"आत येऊ नकोस," बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "खाली सगळं पसरलंय. काहीतरी... काहीतरी माझ्या हातावरून गेलं गं."

बल्बवाचूनची ती खोली तिच्यासाठी काय होती, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. तरी तिने आत पाऊल टाकले. मग दुसरे. माझ्याशिवाय, काळोखात, हाताने भिंत चाचपत. मी तिच्या मुठीत होते, विझलेली, आणि ती तरीही चालत होती.

तेव्हा मी पेटले. सगळी ताकद लावून, थेट बाबांच्या डोळ्यांवर.

ते जमिनीवर बसले होते. पांढरे पडलेले. सॅक पोटाशी घट्ट धरलेली, लहान मूल उशी धरते तशी. हा चेहरा मला बघायचा होता. मी तो पोटभर बघितला.

"बाबा, तुम्ही घाबरलात?"

बाबांनी डोळ्यांसमोर हात धरला. मग म्हणाले, "हो."

"खूप?"

"खूप."

"मीपण एवढीच घाबरले होते."

मनीने मला जमिनीकडे वळवले आणि डब्यांमधून वाट दाखवली. ते तिच्या मागून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शिबिराच्या बसपाशी मुले आणि आईबाप जमले होते. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एका ताईंनी विचारले, "अंधाराची भीती कुणाला वाटते? आत्ताच सांगा, म्हणजे झोपायच्या जागा तशा ठरवू." सगळी मुले आपापल्या बुटांकडे बघू लागली. बाबांनी तोंड उघडले. मनीने त्यांच्याकडे पाहिले आणि माझा जीव टांगणीला लागला. भित्री भागूबाई हे शब्द आता येणार, अगदी सगळ्यांसमोर.

"मला वाटते, ताई," बाबा म्हणाले.

लोक हसले. बाबांनाच हसले. ताई म्हणाल्या, "पण तुम्ही कुठे येताय?"

"नाही येत. तरी सांगून ठेवतो."

मग मनीने हात वर केला. "मलापण वाटते. मला दाराजवळची जागा द्या." आणि हे सांगताना तिचा आवाज चिरकला नाही.

मनीने बाबांना माफ केले. बस सुटेपर्यंत ती त्यांच्या गळ्यात पडून होती. तो तिचा प्रश्न आहे. मी केलेले नाही, आणि करणार आहे असेही मला वाटत नाही.

मित्रांनो, वस्तू ठेवून देताना तिच्या पोटातले सेल काढून ठेवा. आणि घरात ज्याला अंधाराची भीती वाटते, त्याचा दिवा बाहेरून बंद करू नका. बटण कायम तुमच्याच बाजूला राहील, असे तुम्हाला कुणी सांगितले?