पेरणी, कापणी, रिजेक्शन

न्हावऱ्याची बानूबाई शिक्रापूरच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला जायची. त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. सासऱ्यांच्या वेळची मेंढरं कधीच गेली. राहिला होता दीड एकर कांदा आणि दोन गाई. ते सगळं नवरा बिरदेव बघायचा. बानूबाईची शाळा चौथीपर्यंत झालेली. मराठी पेपर ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची, पण इंग्रजीचं एक अक्षर ओळखू यायचं नाही. कान मात्र तिचे फार तिखट.

एका रविवारी मायलेकी कांद्याची पात कापत बसल्या होत्या. लेक स्वप्नाली शिरूरला बीएला होती. बानूबाईनं तिला सहज विचारलं, की कंपनीतले निम्मे शब्द एकाच आवाजावर का संपतात. प्रॉडक्शन, इन्स्पेक्शन, रिजेक्शन, सुट्टीचं अ‍ॅप्लिकेशन. जिथं बघावं तिथं आपलं शन.

स्वप्नालीला हसू आलं, मग तीही विचारात पडली. हातातला विळा ठेवून तिनं मातीत काडीनं चार अक्षरं काढली. टी, आय, ओ, एन.

"आपलं कसं हाय आई, पेरलं की पेरणी, कापलं की कापणी. केलेल्या कामाला आपण णी लावतो, ती लोकं ही चार अक्षरं लावत्यात."

"मग टेन्शन?"

"त्याच्या शनमधी टी न्हाई, एस हाय. ऐकायला सारखं, लिहायला वेगळं."

"आन् केडगावचं स्टेशन? ती कशाची णी?"

स्वप्नालीनं मोबाईलवर शोधलं. मूळ अर्थ निघाला उभं राहणं. बानूबाईला ते पटलं. गाडी उभी राहते म्हणून स्टेशन, यात अवघड काय. त्या दिवशी लेकीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तिला कंपनीतले पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दिले. पुढं महिनाभर बानूबाई कामावर पाट्या वाचत हिंडली. शेवटची चार अक्षरं तर दुरूनच ओळखू यायची. मग पहिलं अक्षर बघून कुठला शब्द ते ती ठरवायची. शिडीसारखा ए दिसला की अ‍ॅप्लिकेशन. खराब माल टाकायच्या लाल पेटीवरचे पहिले दोन, आर आणि ई, म्हणजे रिजेक्शन.

असाच एक गुरुवार. सुपरवायझर दत्ता कागदांचा गठ्ठा घेऊन आला. ठेकेदार बदलतोय, नव्या ठेकेदाराकडं नावं चढवायची आहेत, त्याचं हे अ‍ॅप्लिकेशन, असं त्यानं सांगितलं. बायका रांगेत उभ्या राहिल्या. बानूबाईच्या पुढं चौघी होत्या. त्यांनी सह्या केल्या, शेजारच्या लाईनवरच्या रतनबाईनंही केली. बानूबाईची पाळी आली. तिनं पेन हातात घेतलं आणि सवयीनं वरचा मोठा शब्द बघितला. शेवटी तीच चार अक्षरं होती. पण सुरुवातीला शिडी नव्हती.

"दत्ताभाऊ, अ‍ॅप्लिकेशन ए नं सुरू होतं ना? हितं तर आर हाय."

दत्ता म्हणाला, "एकच की मावशी, ऑफिसची भाषा असती ती. मागं रांग थांबलीय."

तो तिच्याकडं न बघता बोलला, एवढंच तिच्या मनात अडकलं. कागद बाहेर न्यायला परवानगी नव्हती, फोन गेटवर जमा. तेव्हा सहीसाठी दिलेल्या पेनानंच तिनं त्या शब्दाची अकरा अक्षरं डाव्या तळहातावर चित्रासारखी उतरवून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सही करते म्हणाली. दत्तानं काही अडवलं नाही.

सुट्टी होताच तिनं गेटवरून फोन घेऊन लेकीला लावला.

"पयले दोन रिजेक्शनचे. मग सापावानी एक. मग शनमधली उभी काठी. मग गोल, पर तोंड उघडं, आत दाढ असल्यागत. मग शनमधला शेवटचा. मग शिडी. आन् मग आपली चार."

पलीकडं स्वप्नालीनं एकेक अक्षर जुळवून बघितलं.

"आई, सही केलीस का?"

"न्हाई."

"करू नको. रेझिग्नेशन हाय ते. राजीनामा."

राजीनामा म्हणजे राजी होऊन दिलेला कागद. सहा वर्षांत बानूबाईला कुणी कशाला राजी आहेस का म्हणून विचारलं नव्हतं. इथून पुढं नोकरी नव्यानं सुरू, मागची वर्षं पुसली गेली, असा त्याचा अर्थ होता. लेकीनं तो नीट समजावून सांगितला.

ती आत गेली आणि डबे उघडून बसलेल्या बायकांना तिनं हळू आवाजात णीपासून राजीनाम्यापर्यंत सगळं सांगितलं. दुपारी रांग लागली नाही. दत्ता विचारायला आला, तेव्हा बानूबाई म्हणाली की वरच्यांना हाच शब्द मराठीत लिहून आणायला सांगा, मग आम्ही वाचू आणि ठरवू. दत्ताचा चेहरा उतरला. वरून आलं ते मी दिलं, एवढंच तो पुटपुटला.

चार दिवस सही न केलेल्या कुणालाच कामावर बोलावणं आलं नाही. पाचव्या दिवशी आलं. नवीन कागद मराठीत होता, त्यात कामाला लागल्याची जुनी तारीख धरलेली होती. स्वप्नालीनं गेटवर काढून पाठवलेल्या फोटोवरून तो दोनदा वाचला, मगच सह्या झाल्या. पण आधी सही केलेल्या पाचजणींचे कागद ठेकेदारानं परत दिले नाहीत. त्या नव्या म्हणूनच लागल्या. रतनबाईची नऊ वर्षं गेली.

हे बानूबाईला फार लागलं. रांगेत आपण पहिल्या असतो तर, असं ती बिरदेवला सारखी म्हणायची. रतनबाईशी बोलायची तिला चोरी झाली. शेवटी रतनबाईच एका रविवारी एसटीनं न्हावऱ्याला आली. ओट्यावर चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग तिनं पिशवीतून कोरी वही काढून स्वप्नालीपुढं ठेवली.

"मला णीबिणी नको," ती म्हणाली. "पयल्या अक्षरापासनं शिकव."

बानूबाई आपला पाट सरकवून तिच्या शेजारी बसली.